डावं पान

बाईंना 'मी ठीक आहे' हे वाक्य ऐकू येत नसे. कान शाबूत होते, उलट जरा जास्तच तिखट. पण ते वाक्य त्यांच्या कानाशी येऊन तसंच परत जायचं.

आयर्लंडमध्ये ठीक असण्याला 'ग्रँड' म्हणतात. पाऊस थांबला, ग्रँड. बस चुकली, ग्रँड, दुसरी येईल. पाय मोडला तरी माणूस प्लास्टरमध्ये बसून ग्रँडच असतो. आमच्या कॅन्सर विभागाच्या हेल्पलाईनवर दिवसाला पंधरा-वीस फोन यायचे आणि त्यातले निम्मे तरी ग्रँड असलेल्या माणसांचे असायचे. बाई फोनवर बोलताना कधी बसत नसत. खिडकीकडे तोंड करून, एक हात कमरेवर ठेवून उभ्या राहायच्या. पलीकडून 'ग्रँड' आलं की त्या गप्प व्हायच्या. हुंकार नाही, काही नाही. ती शांतता इतकी लांबायची की समोरचा माणूस कासावीस होऊन आपणच खरं बोलायला लागायचा. "तसं काल जरा जुलाब झाले..." मग बाई पेन उचलायच्या.

मी त्यांच्या हाताखाली अ‍ॅडव्हान्स्ड नर्स प्रॅक्टिशनर व्हायला आले होते. हे पद आपल्याकडे फारसं माहीत नाही. आम्ही डॉक्टर नसतो, पण पेशंट तपासतो, रक्ताचे रिपोर्ट वाचतो, ठरावीक औषधं लिहून देतो आणि केमो द्यायची की पुढे ढकलायची, हे पुष्कळदा आम्हीच ठरवतो. बाई ते काम बारा वर्षं करत होत्या. मी दोन वर्षांची उमेदवार. पास झाले तर ठीक, नाही तर परत वॉर्डात. मी मूळची साताऱ्याची, पुण्यात आठ वर्षं नोकरी करून इकडे आले. नवरा डब्लिनच्या सँडीफोर्ड भागातल्या एका कंपनीत, पण काम घरून. पंधरा दिवसांतून एकदा डब्लिनला जाऊन यायचा. मुलगी इथल्याच शाळेत. आमचं हॉस्पिटल पश्चिमेला, समुद्रापासून फार लांब नाही. नाव सांगत नाही.

बाई नगर जिल्ह्यातल्या. मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या, मग आखातात गेल्या, तिथून इकडे. इकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मोठ्या डॉक्टरलासुद्धा. मला ते जमेना. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठ्या बाईला नावाने कशी हाक मारणार? तिसऱ्या दिवशी मी 'बाई' म्हटलं, शाळेत म्हणतात तसं. त्या थबकल्या. म्हणाल्या, "बरं. पण शाळा म्हटली की छडीपण आली, कळलं का?"

आयरिश लोक फोन ठेवताना पाच-सहा वेळा 'बाय, बाय, बाय' म्हणतात. ते ऐकून बाई दारातून डोकावायच्या, "कोणी बोलावलं?" हा त्यांचा एकमेव विनोद होता आणि तो त्या रोज करायच्या, न हसता.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. आमच्या भागात गाडी नसणं म्हणजे पाय नसणं. बाई बसने यायच्या, आणि बस नसेल तेव्हा कोणाच्याही गाडीत बसायच्या. पेशंटचा भाऊ, पोस्टमन, गॅसचे सिलेंडर पोचवणारा. त्यामुळे पन्नास किलोमीटरच्या परिघातला प्रत्येक फाटा त्यांना पाठ होता. कोणाच्या घराला फाटक आहे, कोणाचा कुत्रा चावरा आहे, सगळं माहीत. दुपारी सोडा ब्रेडच्या जाड तुकड्यावर शेंगदाण्याची चटणी थापून उभ्याउभ्याच खायच्या. एकदा कन्सल्टंटने, म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टरने, ती चाखली आणि अर्धा तास पाणी पीत बसला. बाई म्हणाल्या, "ग्रँड आहे ना?"

दोन गोष्टींसाठी मात्र त्या सगळ्यांना छळायच्या. पहिली म्हणजे वही. कॉम्प्युटरवर नोंदी व्हायच्याच, पण बाईंना त्याशिवाय हेल्पलाईनची एक जाड, रेघांची वही लागायची. उजव्या पानावर आपलं निदान, आपला सल्ला. डाव्या पानावर पेशंटचे शब्द. जसेच्या तसे, चुकांसकट. "छातीत मांजर बसलंय" असं कोणी म्हणालं तर तसंच लिहायचं. तरुण नर्सेस वैतागायच्या, दोनदा लिहायला वेळ कुणाला आहे? बाईंचं एकच उत्तर, "फोनवर माणूस दिसत नाही. निदान ऐकलेलं तरी बदलू नका."

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक पेशंटला पहिल्याच भेटीत विचारायचा एक प्रश्न. येत्या चार महिन्यांत घरी काय आहे? लग्न, बारसं, मॅच, मेंढ्यांचा बाजार, काहीही. ते त्या फाईलच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहायच्या. मला वाटायचं, बोलण्यात गोडवा आणायला विचारत असतील. एकदा तसं म्हटलं तर फटकन म्हणाल्या, "गोडवा कसला गं? माणूस ताप कधी लपवतो? कार्यक्रम असला की लपवतो."

रोज साडेचार वाजता बाई ती वही घेऊन उभ्या राहायच्या आणि दिवसभराचे फोन मोठ्याने वाचायच्या. आधी डावं पान, मग उजवं. आम्ही दोघी-तिघी समोर. परीक्षाच ती.

त्या मे महिन्यातल्या शुक्रवारी हेल्पलाईनवर मी होते. सलाईनमधून केमो द्यायच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या, एका पेशंटला औषधाची रिअ‍ॅक्शन आलेली, फार्मसीचा फोन दुसऱ्या कानाला. अकराच्या सुमारास एका लिम्फोमाच्या पेशंटचा फोन आला. त्रेसष्ट वर्षांचे गृहस्थ, शाळेची बस चालवायचे. आजारामुळे बस सुटली होती, पण गावातली सगळी पोरं अजून त्यांना ओळखायची. केमोचा दहावा दिवस. दहाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत साधा जंतूसुद्धा काही तासांत माणूस नेऊ शकतो. हे मला झोपेतही माहीत होतं.

ते म्हणाले, रात्री जरा थंडी वाजली होती, आता ग्रँड. बायको म्हणाली म्हणून फोन केला. मी ताप विचारला. सदतीस पॉईंट चार. खोकला नाही, लघवीला त्रास नाही. मी म्हटलं, अडतीसच्या वर गेला तर लगेच फोन करा. ते म्हणाले, "यू'र व्हेरी गुड," आणि सहा वेळा बाय म्हणून फोन ठेवला. सगळं मिळून दोन मिनिटं. मी वहीत लिहिलं आणि रिअ‍ॅक्शनवाल्या पेशंटकडे धावले.

साडेचारला बाई वाचायला लागल्या. चौथा की पाचवा फोन माझा.

"डावं पान. 'रात्री दात वाजत होते. इलेक्ट्रिक ब्लँकेट लावलं तरी खाट हलत होती. आता ग्रँड.'" त्या थांबल्या. "उजवं पान. 'किरकोळ थंडी. ताप नाही. घरी लक्ष ठेवावं.'"

बाईंनी वहीवरून मान वर केली.

"तापाची गोळी घेतली होती का त्याने? ताप मोजायच्या आधी?"

मी विचारलं नव्हतं.

"खाट हलत होती," बाई म्हणाल्या. "तूच लिहिलंयस. स्वतःच्या हाताने." आणि त्यांनी फाईल ओढून कोपरा बघितला. लाल शाईत लिहिलेलं होतं, 'नातीची फर्स्ट कम्युनियन, मे, दुसरा शनिवार.' म्हणजे उद्याच. चर्चमध्ये मुलांना पहिला प्रसाद देतात, तो घरचा मोठा सोहळा.

त्यानंतरची पाच मिनिटं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. घरचा फोन वाजत राहिला. त्यांचा मोबाईल बंद. बायकोचाही उचलला जाईना. गावचे डॉक्टर दूर कुठेतरी व्हिजिटला गेलेले. बाईंनी रुग्णवाहिका मागवली. जवळची गाडी एका अपघातावर होती, पोचायला तास तरी लागेल म्हणाले. "पाठवाच," बाई म्हणाल्या, फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"गाडीची किल्ली आहे?"

"आपण जायचं? तशी परवानगी..."

"तू चालवतेस. मला येत नाही."

गाव चाळीस मिनिटांवर. रस्ता अरुंद, दोन्हीकडे दगडी बांध, समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यावं लागायचं. बाई शेजारी ताठ बसून हॉस्पिटलला सूचना देत होत्या: बेड तयार ठेवा, अँटिबायोटिक काढून ठेवा, रजिस्ट्रार डॉक्टरला दारात उभं करा. फोन ठेवला आणि म्हणाल्या, "आता सकाळचा फोन सांग. पहिल्यापासून. त्याचे शब्द."

मी सांगितलं.

"परत सांग. आवाज कसा होता? धाप होती?"

"नाही... हो, थोडी. मला वाटलं जिना चढून आले असतील."

"बैठं घर आहे त्याचं. पुढे."

"बायकोने सांगितलं म्हणून फोन केला म्हणाले."

"म्हणजे बायको घाबरली होती. पुढे."

असं तीनदा. प्रत्येक वेळी मला नवीन काहीतरी आठवत होतं आणि प्रत्येक आठवण माझ्याच विरुद्ध साक्ष देत होती. शेवटी मी ओरडले, "कळलं बाई! माझी चूक आहे, कळलं!"

"चुकीचं मला विचारायचंच नाहीये," त्या तितक्याच कोरडेपणाने म्हणाल्या. "किती वेळ झालाय ते मोजतेय. डावीकडे वळ."

घराला कुलूप. शेजारीण कुंडीला पाणी घालत होती. ती म्हणाली, सगळे चर्चमध्ये आहेत, उद्याची तालीम चाललीय. बाईंनी तिथूनच रुग्णवाहिकेला नवा पत्ता कळवला.

चर्चमध्ये पुढे सात-आठ वर्षांची वीसेक मुलं रांगेत उभी होती. एक शिक्षिका त्यांना हात कसे जोडायचे ते शिकवत होती. आईबाप इकडे-तिकडे बसलेले. ते गृहस्थ शेवटच्या बाकावर होते. बाहेर ऊन पडलेलं, पोरं टी-शर्टात, आणि ते जाड लोकरी कोटात, कॉलर कानापर्यंत. बायको शेजारी. तिने आम्हाला बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर आधी सुटका आणि मग भीती दिसली.

बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या, ओळखीच्या माणसाशेजारी बसावं तसं, आणि त्यांचा हात हातात घेतला. मी दुसऱ्या मनगटाची नाडी बघितली. एकशे तीसच्या वर, आणि इतकी बारीक की बोटाखालून निसटत होती. हात बर्फासारखे. नखं निळसर. गुडघ्यांवर पडलेली त्यांची दृष्टी वर यायला वेळ लागत होता.

"गोळ्या घेतल्यात?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"दर चार तासांनी," त्यांच्या बायकोने उत्तर दिलं. "कालपासून. मी म्हणत होते यांना..."

"आपल्याला आत्ता निघायचंय," बाई त्यांना म्हणाल्या.

"उद्या," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "उद्या दुपारी येतो. कार्यक्रम झाला की."

"उद्या दुपारपर्यंत तुम्ही नसाल."

इतकं सरळ मी कोणालाही बोलताना ऐकलं नव्हतं. बायकोने तोंडावर हात घेतला. त्या गृहस्थांनी मान हलवली, पण उठायची नव्हे, नकाराची. "ती एकटी गाणार आहे," ते म्हणाले. "तेवढं ऐकतो. मग न्या." मी त्यांच्या काखेत हात घालून उठवायला बघितलं. त्यांनी पुढच्या बाकाची कड धरून ठेवली. त्या अवस्थेत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि उठून सरळ पुढे चालत गेल्या. अंगावर हॉस्पिटलचा गणवेश, पायात पांढरे बूट, चर्चच्या मधल्या वाटेने. शिक्षिकेच्या कानात काहीतरी बोलल्या. ती बावरली. मग तिने रांगेतल्या एका मुलीला खांद्याला धरून पुढे आणलं. बाई गुडघ्यावर बसल्या आणि तिला काही सांगितलं. मुलीने शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि गायला लागली. पेटी नाही, साथ नाही. आवाज सुरुवातीला कापत होता.

मला वाटलं, या बाईंना वेड लागलंय. नाडी माझ्या बोटाखाली धावत होती. एक-एक सेकंद माझ्या पापात जमा होत होता, आणि त्या समोर उभ्या राहून गाणं ऐकवत होत्या. मला आजही ते गाणं कोणतं होतं सांगता येणार नाही. मी फक्त ठोके मोजत होते.

गाणं संपलं. त्या गृहस्थांनी बाकाची कड सोडली. "चला," ते म्हणाले.

त्यांना दोघींच्या मध्ये धरून दारापर्यंत आणलं तेव्हा रुग्णवाहिका फाटकात शिरत होती. वरचा रक्तदाब सत्तर. बाई त्यांच्याबरोबर मागे चढल्या. दार लावताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "बायकोला घेऊन ये. सावकाश चालव. तिच्याशी खोटं बोलू नकोस."

चाळीस मिनिटं त्यांची बायको माझ्या शेजारी बसून होती. तिने मला काही विचारलं नाही. सकाळचा फोन मी घेतला होता, हे मीही सांगितलं नाही.

ते चार दिवस अतिदक्षता विभागात होते. पहिल्या दोन दिवसांत कुटुंबाला दोनदा बोलावून घेतलं गेलं. शनिवारी नातीचा कार्यक्रम आजोबांशिवाय झाला. मला घरात बसवेना. नवरा म्हणत होता, वाचतील गं, तू वेळेवर पोचलीस. त्याला कसं सांगणार की मी सहा तास उशिरा पोचले होते. माझी नर्सची नोंदणी, व्हिसा, मुलीची शाळा, सगळं एकाच दोरीला टांगलेलं दिसत होतं. आणि त्या विचारांची लाजही वाटत होती, कारण तिकडे एक माणूस श्वासासाठी झगडत होता.

सोमवारी बाईंनी मला घटनेचा फॉर्म दिला. "तू लिही."

"तुम्ही एकदा बघाल का? भाषा वगैरे?"

"भाषा बघायला घेतली की माणूस वाक्यं मऊ करतो. मी नाही बघणार."

पाचव्या दिवशी ते वॉर्डात आले. जिवंत होते, शुद्धीत होते, पायात बळ नव्हतं. त्या दुपारी बाई मला खोलीपर्यंत घेऊन गेल्या. "मी दारात आहे," त्या म्हणाल्या.

मी त्यांना आणि त्यांच्या बायकोला सांगितलं. शुक्रवारी सकाळी फोन मी घेतला होता. जे विचारायला हवं होतं ते विचारलं नाही. तेव्हाच बोलवायला हवं होतं, बोलावलं नाही. मला माफ करा.

ते गृहस्थ म्हणाले, "मीच तर म्हणालो होतो ग्रँड." पण त्यांची बायको उठून उभी राहिली. ठेंगणी, पिकल्या केसांची, शाळेत स्वयंपाकाचं काम करणारी बाई.

"फोन त्याने तुला केला होता."

"हो."

"मी करायला लावला होता. त्याला पटत नव्हतं, मी भांडून करायला लावला. आणि तू त्याला घरी ठेवलंस."

"हो."

"यापुढे तू याला हात लावायचा नाहीस."

मी दाराकडे बघितलं. मला वाटलं, बाई आता आत येतील, मी किती चांगली नर्स आहे, किती गर्दी होती, काहीतरी सांगतील. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. मी तशी नोंद करते." आणि खिशातून पेन काढून त्यांनी खरोखरच नोंद केली.

कॉरिडॉरमध्ये मी म्हटलं, "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"काय बोलायचं होतं? बरोबर बोलली ती." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "रडायचं असेल तर लिनन रूम मोकळी आहे. दोन वाजता क्लिनिक आहे."

तीन आठवड्यांनी चौकशी समिती बसली. टेबलापलीकडे तिघे, अलीकडे आम्ही दोघी. माझं झाल्यावर त्यांनी बाईंना घेतलं. परवानगीशिवाय कर्मचाऱ्याला घेऊन बाहेर का गेलात? रुग्ण अत्यवस्थ असताना दोन मिनिटं गाण्यात का घालवलीत?

"तो उठला नसता," बाई म्हणाल्या. "ओढून नेला असता तर दारापर्यंत दहा मिनिटं गेली असती. मी दोनमध्ये आणला."

"हे तुमचं अनुमान."

"हो. लिहा तसं."

मग अध्यक्षबाईंनी विचारलं की उमेदवाराने, म्हणजे मी, हे प्रशिक्षण पुढे चालू ठेवावं असं तुमचं मत आहे का. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते.

"सोळा वर्षांपूर्वी, साधी नर्स असताना, मी असाच एक फोन घेतला होता," बाई म्हणाल्या. "तेव्हा वही नव्हती. संध्याकाळी कोणी वाचलं नाही. माझी पेशंट सकाळी गेली. दोन मुलांची आई होती." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "मला कामावर ठेवलं गेलं. ते बरोबर होतं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यानंतर गोळीचा तो प्रश्न विचारायला मी एकदाही विसरले नाही. हीसुद्धा विसरणार नाही. माझं मत एवढंच."

बाईंना लेखी ताकीद मिळाली. माझं प्रशिक्षण सहा महिन्यांनी वाढवलं आणि तोवर हेल्पलाईनवर एकटीने बसायला बंदी. बाहेर आल्यावर मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. त्यांनी हात वर केला. "त्या गेलेल्या आईबद्दल विचारायचं नाही. कधीच नाही." मी आजतागायत विचारलेलं नाही.

त्या गृहस्थांची केमो महिनाभराने पुन्हा सुरू झाली, कमी डोसने. ते आले की बाई त्यांना बघायच्या आणि मी दुसऱ्या खोलीत असायचे. त्यांची बायको कॉरिडॉरमध्ये समोर आली की भिंतीकडे बघायची. मी वाट सोडून उभी राहायचे. दोघींनाही त्याची सवय झाली.

शेवटच्या केमोनंतरचा आठवडा. सकाळचे दहा वाजले होते. हेल्पलाईन वाजली तेव्हा मी टेबलाशी होते आणि बाई समोरच, खिडकीपाशी. मी फोन घेतला, विभागाचं नाव सांगितलं. पलीकडे श्वास ऐकू आला. मग तो आवाज.

"दुसरी दे. मोठी."

मी रिसिव्हरवर हात ठेवून बाईंकडे बघितलं. "त्यांची बायको आहे. बसवाल्यांची. तुम्हाला मागतेय." मी फोन पुढे केला.

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"बाई, तिने मला मनाई केलीय!"

"हात लावायला मनाई केलीय. बोलायला नाही." आणि त्या खोलीतून बाहेर गेल्या. दार ओढून घेतलं.

मी फोन कानाला लावला. "त्या आत्ता येऊ शकत नाहीत. मी आहे."

ती फोन ठेवेल असं वाटलं. ठेवला तर काय करायचं, पुन्हा लावायचा का, रुग्णवाहिका पाठवायची का, सगळं एकदम डोक्यात फिरलं. मागून कुठूनतरी एक बारीक आवाज येत होता, कपबशी टेबलावर थरथरावी तसा. ते त्यांचे दात होते.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"वीस मिनिटं," ती म्हणाली. मग, "गोळी दिलेली नाही. मी देऊ दिली नाही."

"बरोबर केलंत. गाडी दारात आहे?"

"आहे."

"चालवू शकाल?"

"हो." आणि मग आवाज एकदम फुटला. "काय करू सांग ना."

"आत्ता निघा. पिशवी भरू नका. कोट घाला त्यांना आणि निघा. मी दारात उभी असेन."

मी उभी होते. रजिस्ट्रार शेजारी, व्हीलचेअर तयार, अँटिबायोटिक काढून ठेवलेलं. तिची लाल गाडी वळणावर दिसली तेव्हा मी पायऱ्या उतरले. तिने गाडी रुग्णवाहिकेच्या जागेत तशीच लावली, दार उघडं टाकलं आणि धावत पलीकडच्या बाजूला गेली. ते गृहस्थ सीटवर वाकडे पडले होते. ती त्यांना एकटीने उचलायला बघत होती आणि जमत नव्हतं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबले.

तिने मान वर केली. घामाने केस कपाळाला चिकटलेले.

"धर ना त्याला," ती म्हणाली. "बघत काय उभी राहिलीस?"

मी त्यांना धरलं. दारापासून सुई टोचेपर्यंत बावीस मिनिटं लागली. या वेळी रक्तदाब ढासळला नाही. दुपारपर्यंत थंडी थांबली, तिसऱ्या दिवशी ते घरी गेले.

पण त्या सकाळी, औषध सुरू झाल्यावर, ती कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मी चहा आणला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि सांडू नये म्हणून मांडीवर टेकवला. क्लिनिकचे तीन पेशंट खोळंबले होते. मी त्यांच्या फायली उचलून वळले तेवढ्यात बाई समोरून आपल्या फायली घेऊन आल्या. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझ्या हातातल्या फायलीही काढून घेतल्या.

"तू बस तिच्याजवळ," त्या म्हणाल्या. "क्लिनिक मी बघते."

मी शेजारच्या खुर्चीवर बसले. बऱ्याच वेळाने तिने अर्धा चहा पिऊन कप माझ्या हातात दिला आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून डोळे मिटले.